जाण्यापूर्वी दोन शब्द

आमच्या सोसायटीत एक वजनकाटा आहे. बॅग आकड्याला अडकवायची आणि दोन्ही हातांनी उचलायची, तसला. तो मूळचा कोणाचा, हे आता कोणालाच सांगता येत नाही. पण जून संपत आला की तो जो बाहेर पडतो, तो ऑगस्टच्या मध्यापर्यंत एका घरात सलग दोन रात्री काढत नाही. ज्या घरात तो दिसेल, त्या घरातलं पोरगं अमेरिकेला निघालं असं खुशाल समजावं. तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगा, त्यांत कुकर, कुकरच्या जादा रिंगा, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आणि आजीने शेवटच्या क्षणी स्वेटरच्या बाहीत कोंबलेली लसणाची चटणी. ‘ओपन डोअर्स’ नावाच्या अहवालाप्रमाणे 2023-24 साली अमेरिकेत 3,31,602 भारतीय विद्यार्थी होते आणि 2009 नंतर प्रथमच आपण चीनला मागे टाकलं होतं. त्यातले बरेचसे आमच्याच काट्यावरून गेले असावेत, अशी तो काटा पाहिला की खात्री पटते.

बॅगांचं वजन जमलं, की मुलाला सांगतात, “आता मामांकडे जाऊन ये. दोन शब्द सांगतील.”

मामा म्हणजे मी. माझ्या एका खऱ्या भाच्यामुळे अख्ख्या सोसायटीचा मी मामा झालो आहे. (हे वाक्य दोन अर्थांनी वाचता येतं, याची मला कल्पना आहे.) 1994 साली मी अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातल्या, जिथे मका जास्त आणि माणसं कमी, अशा एका विद्यापीठात एम.एस. करायला गेलो आणि चार वर्षांनी परत आलो. गेलो होतो याबद्दल सोसायटीत मला मान आहे. परत का आलो, हे मात्र अजून कोणी उघड विचारलेलं नाही.

मुलगा एकटा येत नाही. आई, बाबा आणि मुलगा असे तिघे येतात. यंदा ‘सी’ विंगमधले आले होते. मी मुलाला विचारलं, “कुठलं विद्यापीठ?” आईने सांगितलं. “विषय?” बाबांनी सांगितला, आणि लगेच त्या विषयाला पुढच्या दहा वर्षांत किती स्कोप आहे, तेही सांगितलं. “व्हिसाच्या मुलाखतीत काय विचारलं?” आई म्हणाली, “काही नाही हो, बीकेसीला सकाळी साडेसहापासून रांगेत उभं केलं आणि आत दीड मिनिटात झालं.” आई तर बाहेर रस्त्याच्या कडेला फाइल धरून बसली होती, पण दीड मिनिटाचा हिशेब तिच्याकडे होता. शेवटचा उपाय म्हणून मी मुलाला विचारलं, “चहा घेशील?” तेव्हा बाबा म्हणाले, “तो चहा घेत नाही.”

मुलगा टीपॉयच्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब पाहत बसला होता.

उठताना आईने आवाज खाली आणला. “अभ्यासाचं काही नाही. इंग्लिश मीडियम आहे, पहिल्यापासून. फक्त तो बोलतच नाही हो. तेवढं जरा बघा.”

यात मला नवल वाटलं नाही. मीही असाच गेलो होतो. आमच्या वेळी जीआरईसाठी ‘बॅरन’च्या जाडजूड पुस्तकातली 3500 शब्दांची यादी पाठ करण्याची पद्धत होती. मी ती केली. बसमध्ये, संडासात, मावसबहिणीच्या लग्नात अक्षता हातात धरून केली. कमी बोलणाऱ्या माणसाला इंग्रजीत टॅसिटर्न म्हणतात, रेटिसंट म्हणतात आणि लॅकोनिकही म्हणतात, हे त्यामुळे मला पक्कं ठाऊक होतं. शिकागोच्या विमानतळावर उतरलो, तेव्हा मी हे तिन्ही होतो.

म्हणून इंग्रजी नाही ही तक्रार मी मानत नाही. इंग्रजी असतं. ते सोळा वर्षं नीट घडी घालून कपाटात ठेवलेलं असतं. शाळेत “मधे बोलू नको”, क्लासमध्ये “पोर्शन संपू दे, मग शंका विचार”, इंजिनिअरिंगला “हे परीक्षेला येत नाही”, आणि घरी आई. एवढ्या बंदोबस्तातून तावून-सुलाखून निघालेलं पोरगं तिथे जातं आणि पहिल्याच दिवशी हातात सिलॅबस पडतो. त्यात लिहिलेलं असतं : वर्गातील सहभागासाठी पंधरा टक्के. म्हणजे बोलायचे मार्क! आपल्याकडे बोलल्याबद्दल मिळायचं ते वेगळं असायचं.

परीक्षाही त्यांच्याच वळणाच्या. टोफेलमध्ये बोलण्याचा पहिला प्रश्न कित्येक वर्षं असा असायचा : पंधरा सेकंद विचार करा, पंचेचाळीस सेकंद बोला. पंचेचाळीस सेकंदांत मराठी माणूस व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावंसुद्धा घेऊन संपवत नाही. मुद्दा ही आपल्याकडे आभारप्रदर्शनाच्या जरा आधी यायची गोष्ट. तिकडे पहिल्या वाक्यात मुद्दा आला नाही, तर तुमच्याकडे तो नाहीच असं समजतात.

अर्जासोबतचा तो एसओपी, म्हणजे ‘मला हे का शिकायचंय’ सांगणारा निबंध, पाहा. मी आजवर असे साठ-सत्तर तरी वाचले असतील, आणि त्यांतल्या निम्म्यांची सुरुवात “लहानपणी मी घरातला रेडिओ उघडला” अशी आहे. एवढे रेडिओ महाराष्ट्रात उघडले गेले असते, तर एकही वाजता राहिला नसता. त्यापेक्षा 1883 साली आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेलं पत्र काढून वाचा. तेव्हा त्या जेमतेम अठरा वर्षांच्या होत्या. आपल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून मला डॉक्टर व्हायचं आहे, असं त्यांनी सरळ लिहिलं. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आले, तो निर्धारच पुढे उपयोगी पडेल, असंही लिहिलं. रेडिओ नाही, यंत्राची आवड नाही. त्याच्याही आधी, त्याच वर्षी फेब्रुवारीत श्रीरामपूरला त्यांनी भर सभेत उभं राहून आपण अमेरिकेला का जातो ते इंग्रजीतून सांगितलं होतं. (हे श्रीरामपूर बंगालमधलं. नगरकडच्या मंडळींनी उगाच अभिमान बाळगू नये.) 1886 साली त्या पदवी घेऊन मोकळ्या झाल्या. प्रवेश घेतानाच त्यांना आपल्याला काय हवं आहे ते ठाऊक होतं, आणि ते मागायची लाज नव्हती. आमच्या पोरांना ‘काय हवं’ ते विचारलं की ती आईकडे बघतात.

माझी स्वतःची पहिली अडचण प्राध्यापकांच्या नावाची होती. सत्तरीचे गृहस्थ, आपल्या विषयातला मोठा माणूस, ग्रंथालयात त्यांच्या पुस्तकांचा अख्खा खण. ते म्हणाले, मला पहिल्या नावाने हाक मार. नाव छोटंसं, आपल्याकडे लोक कुत्र्याला ठेवतात त्यातलं. माझी जीभ वळेना. ‘सर’ म्हटलं की ते हसायचे, ‘प्रोफेसर’ म्हटलं की मागे वळून पाहायचे. शेवटी मी आपल्या परंपरेतला उपाय काढला. आमच्या आजीने आजोबांचं नाव साठ वर्षं न घेता संसार केला. मीही दोन वर्षं “अहो, ऐकलंत का” या चालीवर नुसतं “एक्सक्यूज मी” म्हणून संशोधन केलं. ते समोर नसले तर कॉरिडॉरमध्ये घसा खाकरायचो. पुढे पुढे माझं खाकरणं त्यांना ओळखू यायला लागलं.

दुसरी अडचण याहून घातक, आणि ती मी प्रत्येक पोराला सांगतो : आपला ‘हो’. ‘हो’ म्हणजे कळलं असं नव्हे. ‘हो’ म्हणजे करतो असंही नव्हे. ‘हो’ म्हणजे तुमचा आवाज माझ्यापर्यंत पोचला, आणि तुम्ही वयाने मोठे आहात. माझे गाइड आठवड्यातून एकदा फळ्यावर काहीतरी काढून “कळतंय ना?” असं विचारायचे आणि मी “येस” म्हणायचो, वर मान डोलवायचो. ती मान हो म्हणते की नाही, हे त्यांना कळायचं नाही, म्हणून ते तोंडी ‘येस’वर भिस्त ठेवायचे. असे तीन महिने गेले. मग एके दिवशी त्यांनी विचारलं, “तर कुठवर आलं?” मी पुन्हा म्हणालो, “येस.”

त्या दिवशी त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि स्वतः खुर्चीत बसले. मी दुसऱ्या ओळीपर्यंत गेलो आणि थांबलो. ते रागावले नाहीत, हे जास्त लागलं. एवढंच म्हणाले, की न कळणं हे तुझं काम आहे, त्याचा तर तुला पगार मिळतो. लपवून ठेवलंस तर मी काय करू? सोळा वर्षांत एकाही मास्तरांनी मला असं सांगितलं नव्हतं.

पगार मिळत होता, तो टीचिंग असिस्टंट म्हणून. म्हणजे जो वर्गात तोंड उघडत नाही, त्यालाच आठवड्यातून तीन दिवस बावीस अमेरिकन पोरांसमोर उभं करून गणित शिकवायला लावायचं. हा प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण तो मला अजून रात्री आठवतो.

पहिला तास. फळा पुसता पुसता, पाठमोराच, मी सहज विचारलं, “व्हॉट इज फाइव्ह इंटू ट्वेंटी?” पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “फोर.” मी म्हटलं, “नो.” ती गोंधळली. शेजारचा टोपीवाला म्हणाला, “इट्स फोर, मॅन.” मागून आणखी दोघे चारच म्हणाले. मी वळलो आणि शांतपणे सांगितलं, “हंड्रेड.” बावीस चेहरे. या मास्तराला पाचाचा पाढा येत नाही, आणि आपल्या बापाने या वर्गासाठी फी भरली आहे, असा एकच भाव सगळ्यांवर. माझ्याही मनात आलं, की महासत्ता म्हणतात ती हीच का? मग कोणीतरी वहीत लिहून दाखवलं, तेव्हा उलगडा झाला. आपलं ‘इंटू’ म्हणजे गुणिले. त्यांचं ‘फाइव्ह इंटू ट्वेंटी’ म्हणजे विसाला पाचाने भाग. मी गुणत होतो, ते भागत होते, आणि दोघांचंही बरोबर होतं.

त्यानंतर तासाला एक याप्रमाणे सापडत गेले. आपला ‘एफ डॅश’ तिकडे ‘एफ प्राइम’. आपला ‘झेड’ तिकडे ‘झी’. आपला कंस त्यांच्याकडे भलत्याच लांब नावाचा. खोडरबराची गोष्ट मी इथे सांगणार नाही. ज्यांना माहीत आहे ते आत्ताच हसले असतील. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांच्या उच्चारातला फरकही समजावून दिला असता, पण देवनागरीत दोघांनाही ‘व’च लिहावं लागतं. हाच तर आजार आहे.

तिकडची पोरं तक्रार करतात, की या असिस्टंटचं बोलणं कळत नाही. म्हणून बऱ्याच विद्यापीठांत वर्गावर सोडण्याआधी परदेशी असिस्टंटची बोलण्याची परीक्षा घेतात. आनंदीबाईंच्या त्या पेनसिल्व्हेनियात तर 1990 साली शिकवणाऱ्याला इंग्रजी नीट बोलता आलंच पाहिजे असा कायदाच केला. मलाही एका बाईंच्या वर्गाला पाठवलं. मला वाटलं, त्या माझी जीभ वळवतील. त्यांनी जिभेला हातही लावला नाही. म्हणाल्या, सावकाश बोल, जो शब्द महत्त्वाचा तो फळ्यावर लिही, आणि दर दहा मिनिटांनी पोरांना विचार, मी काय म्हणालो? या तीन गोष्टी. अमेरिकन उच्चाराचा क्लास लावून, कॉफी गिळल्यासारखं ‘र’ काढत फिरणारी आपली पोरं पाहिली की मला त्या बाई आठवतात.

आता वर्गात बोलायचं कसं? माझी रीत अशी होती : मनात मराठीत वाक्य जुळवायचं, त्याचं इंग्रजी करायचं, काळ तपासायचा, ‘अ’ की ‘द’ ते ठरवायचं, आणि हात वर करायचा. तोवर चर्चा पुढच्या पेपरवर गेलेली असे. एकदा मी तरीही बोललो. सगळे नम्रपणे ऐकून घेत होते, कारण तो मुद्दा पंधरा मिनिटांपूर्वीचा होता. शेजारी बसलेली एक मुलगी तोंडातला बेगल चावत चावत “हे मूर्खपणाचं वाटेल कदाचित, पण—” अशी सुरुवात करून प्रश्न विचारायची, आणि तो खरोखरच मूर्खपणाचा असायचा. तिला पंधरापैकी पंधरा.

आणि मतभेद? “सर, मला हे पटत नाही” हे म्हणायला आपली पोरं इतकी घाबरतात, की त्यांना मी न्यूयॉर्कची गोष्ट सांगतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले. 9 मे 1916 रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर अशा चौघांनी जातीच्या व्याख्या करून ठेवल्या होत्या. बाबासाहेबांनी चारही टेबलावर मांडल्या आणि एकेक तपासली. यातले केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार. ते आधीच कॉर्नेलला जाऊन जातीवर काम करून आले होते आणि 1909 साली त्यांचं पुस्तकही निघालं होतं. बाबासाहेबांनी आधी केतकरांना त्यांचं माप पदरात टाकलं : इतरांनी जात सुटी काढून पाहिली, यांनी ती व्यवस्थेच्या संदर्भात पाहिली. आणि मग दाखवलं, की जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्मानेच सदस्यत्व ही केतकरांची दोन लक्षणं दोन नाहीतच, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. समोरच्याचं म्हणणं नीट मांडायचं, त्यातलं बरं उचलून दाखवायचं, आणि मग जिथे चुकतंय तिथे बोट ठेवायचं. ग्रॅज्युएट स्कूलमध्ये जी विद्या शिकायला पोरं चाळीस लाखांचं कर्ज काढतात, ती एका निबंधात अख्खी आहे. पोरं हे मान डोलवत ऐकतात. मी पुन्हा विचारतो, कळलं ना? म्हणतात, हो.

कॉपीचं मी झटपट उरकतो. आपल्याकडे ड्रॉइंगची शीट काचेखाली दिवा लावून मित्राच्या शीटवरून गिरवतात, त्याला ‘जीटी मारणे’ असं अधिकृत नाव आहे, आणि जर्नल उतरवायला देणाऱ्याला देवमाणूस म्हणतात. तिकडे त्या देवमाणसालाही घरी पाठवतात. पुढे.

समाजात वावरण्याचं मात्र मला फारसं शिकवावं लागत नाही, निदान पुण्याच्या पोरांना. “आपण कधीतरी कॉफीला भेटू” असं तिकडचा माणूस म्हणाला, तर त्याने कॉफीचं आमंत्रण दिलेलं नसतं. पुणेकराला हे सांगायची गरज पडत नाही. “या एकदा घरी” म्हणजे काय, हे तो आईच्या दुधाबरोबर शिकलेला असतो. कोल्हापूरची पोरं गोंधळतात. त्यांच्याकडे “या घरी” म्हटलं, की चुलीवर मटण चढलेलं असतं. प्राध्यापक तुमच्या कल्पनेला “इंटरेस्टिंग” म्हणाले, तर तो आपल्याकडचा “बघू”. रूममेटने फ्रिजवर “दूध ज्याचं त्याने प्यावं” अशी चिठ्ठी लावली, तर पुण्याच्या मुलाला उलट माहेरी आल्यासारखं वाटतं. एकच गोष्ट पुण्या-कोल्हापूरच्या दोघांनाही जड जाते : आग्रह. गाइडच्या घरी थँक्सगिव्हिंगला त्यांच्या बायकोने पायचा दुसरा तुकडा पुढे केला, मी रिवाजाप्रमाणे “नो, नो” म्हटलं, आणि ताट पुढे गेलं. दुसऱ्यांदा विचारतील म्हणून मी पाच मिनिटं चमचा हातात धरून बसलो होतो. तो तुकडा मी अजून खाल्लेला नाही.

तर ‘सी’ विंगचा मुलगा. दुसऱ्या रविवारी तो पुन्हा आला. आई सोबत होती, पण ती म्हणाली, “मी नुसती बसते.” मी स्वयंपाकघराला प्राध्यापकांचं ऑफिस केलं आणि त्याला बाहेरून यायला सांगितलं.

टकटक. “मे आय कम इन, सर?”

“दार उघडंच आहे. ऑफिस अवर आहे. ये आणि बस.”

तो आला. बसला नाही. मी खुर्ची दाखवल्यावर तिच्या काठावर टेकला, रिक्षात चौथा माणूस टेकतो तसा.

“सर, आय हॅव अ डाउट.”

“डाउट म्हणजे तिकडे संशय. त्यांना वाटेल, माझ्यावर घेतोय. क्वेश्चन म्हण.”

“सर, आय हॅव अ क्वेश्चन.”

“विचार.”

तो गप्प. फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. बाहेरून आवाज आला, “अरे, ते विचार ना, तुझं ते प्रोजेक्टचं!”

“वहिनी, तिकडे तुम्ही नसणार.”

“व्हॉट्सअ‍ॅपवर आहे की!”

मुलाने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एकदम मराठीत म्हणाला, “मामा, प्रश्नच चुकीचा असला तर?”

आठ-नऊ वर्षांत आलेल्या इतक्या पोरांतला हा पहिला खरा प्रश्न. माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. म्हटलं, “तर ते सांगतील, चुकीचा आहे. पण तोवर त्यांना तुझं नाव कळलेलं असेल. बाकीच्यांचं नसेल.” त्यावर त्याने मान डोलवली. हो की नाही, मलाही कळलं नाही.

तो गेला. काटा ‘डी’ विंगला गेला.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी, दारावर बेल. त्याची आई, हातात पेढ्यांचा पुडा. मला वाटलं, नोकरी लागली की काय, इतक्यात?

“अहो मामा, त्याने वर्गात प्रश्न विचारला! ऐंशी मुलांत! आणि सर काय म्हणाले माहितीये? ‘दॅट्स अ ग्रेट क्वेश्चन’ म्हणाले! त्याने रात्री लगेच फोन केला. अख्ख्या सोसायटीत वाटतेय.”

अमेरिकन प्राध्यापक ‘ग्रेट क्वेश्चन’ कधी म्हणतो आणि कोणाकोणाला म्हणतो, हे मला ठाऊक आहे. त्या बेगलवाल्या मुलीला तो आठवड्यातून दोनदा म्हणायचा. बऱ्याचदा उत्तर आठवेपर्यंत वेळ काढायलाही म्हणतात.

“आणखी एक घ्या,” वहिनी म्हणाल्या.

मी “नको, नको” म्हटलं. त्यांनी पुडा पुन्हा पुढे केला, आणि मी दोन घेतले.